दांडिया बाजारात बिऱ्हाड मांडताना : बडोद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातून बडोद्याला बदली झाली की ओळखीचे लोक पहिल्यांदा अलकापुरी, गोत्री, वासणा ही नावं सुचवतात. नवी इमारत, लिफ्ट, गाडी लावायला जागा. सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो आणि लहान बाळ किंवा दोन गाड्या असतील तर तो ऐकावासुद्धा. पण ज्यांना शहरात राहायचं आहे, शहराच्या कडेला नव्हे, त्यांनी घर ठरवण्याआधी दांडिया बाजार, रावपुरा आणि सुरसागरचा परिसर एकदा नीट पाहावा असं माझं कळकळीचं सांगणं आहे. वाचनालय, संगीताचं महाविद्यालय, आखाडा, भाजीबाजार, सरकारी दवाखाना, नाट्यगृह हे सगळं इथे पायी गाठता येतं. पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबं राहत असल्याने दार उघडल्यावर मराठी कानावर पडते. हा भाग नुसता बघायचा नाही, वापरायचा आहे. तो कसा वापरावा, ते पायरीपायरीने सांगतो.

पायरी पहिली : सुरसागर मध्यभागी धरा

जुन्या बडोद्यात रस्ते वळतात, गल्ल्या फुटतात आणि मोबाइलवरचा नकाशा पोळांच्या तोंडाशी हमखास गोंधळतो. म्हणून आधी एक साधा आराखडा मनात बसवा. मध्ये सुरसागर तलाव. तलावात शंकराची शंभर फुटांहून उंच उभी मूर्ती आहे, ती लांबूनही दिसते, त्यामुळे दिशा चुकली तरी सावरता येते.

तलावाच्या पूर्वेला न्यायमंदिर, त्याच्या पलीकडे लेहेरीपुरा दरवाजा, मंगळ बाजार आणि सरळ पुढे मांडवी. मांडवी हा जुन्या तटबंदीतल्या गावाचा मधला चौक; तिथून चार दिशांना चार दरवाजे : लेहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट. तलावाच्या पश्चिमेला दांडिया बाजार. तिथून पुढे नदी ओलांडणारा अकोटा–दांडिया बाजार पूल, ज्याच्या डोक्यावर सौर पट्ट्यांचं छप्पर आहे. दक्षिणेला राजमहाल रस्ता, खंडेराव मार्केट आणि लक्ष्मीविलास राजवाडा. उत्तरेकडे रावपुरा, मग कोठी, मग विश्वामित्रीचा पूल, काळा घोडा आणि तिथून स्टेशन.

इथे पत्ता विचारताना रस्त्याचं नाव फारसं कामाला येत नाही. ‘चार रस्ता’, ‘पोळ’, ‘खडकी’, ‘झांपा’ याच शब्दांत पत्ता सांगितला जातो. पोळ म्हणजे एका तोंडाची वस्ती, खडकी म्हणजे त्याहून लहान, दोन-पाच घरांचं अंगण. झांपा म्हणजे वेस. रिक्षावाल्याला घरक्रमांक सांगण्यापेक्षा जवळचं देऊळ किंवा पोळेचं नाव सांगा.

पायरी दुसरी : घर शोधण्याआधी एक फेरी पायी मारा

दलालाला फोन करण्याआधी हे करा. रविवारी सकाळी स्टेशनबाहेर पडा आणि सयाजीगंजातून काळ्या घोड्यापाशी या. काळा घोडा म्हणजे महाराजा सयाजीराव तिसरे यांचा अश्वारूढ पुतळा, सयाजीबागेच्या तोंडाशी. बागेत शिरायचा मोह आवरा, ती पुढे कितीही वेळा होईल.

पूल ओलांडला की कीर्तिमंदिर लागतं. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी सयाजीरावांनी 1936 मध्ये ही वास्तू बांधवली. शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहेत, आणि त्या पृथ्वीवर अखंड हिंदुस्थानचा नकाशा. आत जाऊन मधल्या दालनाच्या भिंती बघा. नंदलाल बोसांनी इथे चार भिंती रंगवल्या आहेत : गंगावतरण, महाभारताचं युद्ध, मीरेचं चरित्र आणि रवींद्रनाथांची ‘नटीर पूजा’. शांतिनिकेतनचा एवढा मोठा चित्रकार बडोद्याच्या राजघराण्याच्या स्मारकात येऊन वर्षानुवर्षं काम करतो आणि शेजारून जाणाऱ्या शेकडो दुचाकीस्वारांना त्याचा पत्ता नसतो, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. तुम्ही मात्र पहिल्याच आठवड्यात बघून घ्या.

कोठीवरून रावपुऱ्यात शिरलं की उजव्या-डाव्या बाजूंना दुकानांची गर्दी सुरू होते. रावपुऱ्याचं टॉवर 1896 चं. सयाजीरावांच्या पहिल्या महाराणी चिमणाबाई 1885 मध्ये अगदी तरुण वयात गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ ते उभं राहिलं. माहेरचं नाव लक्ष्मीबाई, तंजावरच्या. त्यांच्या लग्नात तंजावरहून भरतनाट्यम नाचणाऱ्या कलावंतिणी बडोद्याला आल्या आणि गुजरातच्या मातीत दाक्षिणात्य नृत्य रुजलं. लक्ष्मीविलास हे राजवाड्याचं नाव त्यांचंच, टॉवर त्यांचं, आणि थोडं पुढे न्यायमंदिर तेही त्यांच्याच नावाचं. म्हणजे या परिसरात एकाच स्त्रीच्या तीन खुणा भेटतात.

रावपुऱ्यातच आतल्या गल्लीत तांबेकरांचा वाडा आहे. भाऊ तांबेकर 1849 ते 1854 या काळात बडोद्याचे दिवाण होते. बाहेरून लाकडी, चार मजली, आपल्या पुण्या-साताऱ्याकडच्या वाड्यासारखा. आतल्या भिंतींवर मात्र एकोणिसाव्या शतकातली रंगीत चित्रं आहेत. देवादिकांच्या कथा, रासलीला, इंग्रज साहेब, लढाया, सगळं एकाच खोलीत. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्याने वाडा दिवसा बघता येतो. मराठी घराची ठेवण आणि गुजराती जीवनाचे रंग एकत्र कसे नांदले, हे समजून घ्यायला मला याहून चांगली जागा ठाऊक नाही. घाई करू नका, चित्रं वरच्या मजल्यावर आहेत आणि प्रकाश कमी असतो. डोळे सरावू द्या.

मग न्यायमंदिर. मूळ बांधकाम बाजारासाठी योजलेलं, पुढे त्यात न्यायालय आलं आणि 2018 पर्यंत जिल्ह्याचं कामकाज तिथे चाललं. आता न्यायालय दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत आहे, त्यामुळे वकील शोधायला इथे येऊ नका. समोर पद्मावतीचं शॉपिंग सेंटर आणि मागे मंगळ बाजार. संसाराच्या सुरुवातीला लागणारं भांडं, चादर, पडदा, बांगडी, सुई-दोरा इथेच मिळेल. भाव करावा लागतो, तो हसतमुखाने करावा.

फेरीचा शेवट सुरसागरच्या काठाने दांडिया बाजारात करा. इथवर येताना तुम्ही थकला असाल, पण कोणत्या रस्त्यावर गोंगाट आहे, कुठे सावली आहे, कुठल्या पोळेच्या तोंडाशी म्हातारी माणसं निवांत बसलेली आहेत, हे सगळं तुमच्या पायांना कळलेलं असेल. घराचा निर्णय त्यावरून करा.

पायरी तिसरी : घर बघताना

तीन प्रकारची घरं मिळतील. एक, जुन्या वाड्याचा किंवा पोळेतल्या घराचा मजला. दोन, वाडा पाडून उभी राहिलेली तीन-चार मजली इमारत. तीन, रस्त्याला लागून दुकानांवरची खोली. तिसरी विद्यार्थ्यांना परवडते, कुटुंबाला आवाजामुळे नको होते.

पोळेतलं जुनं घर उन्हाळ्यात थंड असतं. भिंती जाड, मधे चौक, पुढे ओटा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पार जातो तेव्हा याची किंमत कळते. पण लाकडी तुळया आणि गच्ची डोळ्यांनी तपासा. पावसाळ्याआधी महापालिका मोडकळीला आलेल्या घरांना नोटिसा देते. इथल्या भाषेत ‘जर्जरित मकान’. घरमालकाला सरळ विचारा की अशी नोटीस या घराला आली आहे का. विचारण्यात संकोच नको, शेजारीही खरं सांगतात.

पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, हे मालकाऐवजी शेजारच्या काकूंना विचारा. बडोद्याला पाणी दोन बाजूंनी येतं : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सयाजीरावांनी बांधून घेतलेल्या आजव्याच्या तलावातून आणि महीसागर नदीतल्या फ्रेंच विहिरींतून. सकाळच्या ठरावीक वेळी नळ येतो, तेव्हा टाकी आणि पंप आहे का हे बघितलंच पाहिजे.

आता नदीबद्दल. विश्वामित्री पावागडावरून येते, शहराच्या मधून नागमोडी जाते आणि पावसाळ्यात फुगते. 31 जुलै 2019 रोजी एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस झाला. 2024 च्या ऑगस्टअखेर काळ्या घोड्याच्या पुलापाशी पातळी 35 फुटांच्याही वर गेली आणि शहराचा मोठा भाग दिवसचे दिवस पाण्यात होता. या नदीत मगरी आहेत, शेकड्यांनी. पूर आला की त्या वस्तीत येतात. घाबरून जाण्याचं कारण नाही, माणसं आणि मगरी इथे फार पूर्वीपासून शेजारी राहत आली आहेत. पण घर बघताना तळमजल्याच्या भिंतीवर ओलीची रेघ शोधा. 2019 ला आणि 2024 ला पाणी कुठवर आलं होतं, हे दोन प्रश्न चहावाल्याला, वाण्याला, सगळ्यांना विचारा. नदीकाठच्या सखल गल्ल्यांत तळमजला घेऊ नका, भाडं कितीही कमी असो. सुरसागरपासून मांडवीकडचा भाग त्या मानाने उंचावर आहे. पावसाळ्यात काळ्या घोड्याच्या पातळीचे आकडे मोबाइलवर फिरू लागले की दुचाकी उंच जागी नेऊन ठेवायची, हे आत्ताच ध्यानात ठेवा. मगर दिसली तर जवळ न जाता वनखात्याला किंवा प्राणी वाचवणाऱ्या स्वयंसेवकांना कळवा; त्यांची या शहराला चांगलीच सवय आहे.

घरमालक काय विचारतील? शाकाहारी आहात का, हा प्रश्न हमखास येतो. उत्तर खरं द्या, लपवून राहण्यात दोघांनाही त्रास. मात्र कोणी जात विचारली, आडनावावरून अंदाज घेऊन घर नाकारलं, तर त्या दारात पुन्हा जाऊ नका आणि शेजारपाजारी हे सांगायला कचरू नका. या शहरावर त्या प्रश्नाचं जुनं ऋण आहे. सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन 1913 मध्ये अमेरिकेला गेलेले भीमराव आंबेडकर 1917 मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आले, आणि राजाने बोलावलेल्या त्या विद्वानाला शहरात राहायला घर मिळालं नाही. पारशांच्या धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आलं. 23 सप्टेंबर 1917 रोजी कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, एका वडाखाली बसून त्यांनी आपल्या माणसांना या अपमानातून सोडवण्याचा निर्धार केला. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. बडोद्यात घर शोधणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने, घर मिळण्याआधी किंवा मिळाल्यावर, तिथे जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं.

घर विकत घ्यायचं असेल तर एक वेगळी गोष्ट. जुन्या शहराच्या काही भागांना ‘अशांत धारा’ हा कायदा लागू आहे. अशा भागात खरेदी-विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. तुमची पोळ त्यात येते का, हे बयाणा देण्याआधी वकिलाकडून तपासून घ्या.

पायरी चौथी : कागद

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून थोडक्यात. अकरा महिन्यांचा भाडेकरार मुद्रांकावर करून नोटरी करून घ्या. भाडेकरूची नोंद पोलीस ठाण्यात झालीच पाहिजे. जबाबदारी मालकाची असली तरी पाठपुरावा तुम्ही करा. या भागातलं ठाणं रावपुऱ्यात आहे. विजेची जोडणी मध्य गुजरात वीज कंपनीची, पाइपचा गॅस असेल तर वडोदरा गॅसचा. आधीच्या भाडेकरूची थकबाकी नाही ना, हे शेवटच्या बिलावरून बघा. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला यांसाठी मामलतदार कचेरीतल्या जनसेवा केंद्रात जावं लागतं. सकाळी लवकर गेलात तर एका फेरीत काम होतं.

महाराष्ट्राच्या क्रमांकाची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची असेल तर ती गुजरातेत नोंदवून घ्यावी लागते. बडोद्याचा क्रमांक ‘जीजे 06’. आधीच्या आरटीओचा ना-हरकत दाखला महाराष्ट्र सोडण्यापूर्वीच काढून आणा, नंतर परत फेऱ्या पडतात.

आणि राज्यात दारूबंदी आहे. परवान्याशिवाय दारू बाळगणं हा गुन्हा आहे. पाहुणे मुंबई-नाशकाहून येताना सोबत काही आणणार नाहीत, याची त्यांना आधीच कल्पना द्या.

पायरी पाचवी : लिपी शिका

दांडिया बाजारात मराठीवर बरंच निभावतं. तरीही गुजराती शिका, आणि पहिल्या महिन्यातच शिका. लिपी देवनागरीसारखीच, डोक्यावरची रेघ नाही एवढंच म्हटलं तरी चालेल. अ, क, ख, च, ज, झ, फ, ब, ल अशी मोजकी अक्षरं वेगळी दिसतात. दुकानांच्या पाट्या वाचत चाललात तर महिनाभरात विजेचं बिल, महापालिकेची नोटीस, बसवरचं नाव सगळं वाचता येईल.

मुलांच्या शाळेसाठी तर हे टाळता येणारच नाही. 2023 च्या कायद्याने गुजरातमध्ये पहिली ते आठवी, कुठल्याही मंडळाची शाळा असो, गुजराती विषय शिकवणं सक्तीचं आहे. पाचवी-सहावीत आलेल्या मुलाला याचा ताण पडतो. प्रवेशाच्या वेळी शाळेला विचारा की नव्या मुलांसाठी त्या विषयाची काही वेगळी सोय आहे का, आणि शेजारच्या एखाद्या दादा-ताईला रोज संध्याकाळी अर्धा तास बसायची विनंती करा. शेजारी आनंदाने हो म्हणतात. बडोद्याचा तो स्वभाव आहे.

समोरच्याला ‘भाई’, ‘बेन’ म्हणून सुरुवात करा. वयस्कर गुजराती बाईंना ‘माजी’ म्हटलं की अर्धं काम होतं. आपल्या मराठी म्हाताऱ्यांशी मात्र इथेही काका-काकू, आजी-आजोबाच. जुन्या बडोदेकरांच्या मराठीत गुजराती शब्द सहज मिसळलेले असतात. ती मराठी अशुद्ध नाही. तिला हसू नका. दोनशे-अडीचशे वर्षं दुसऱ्या भाषेच्या शेजारात टिकून राहिलेली ती भाषा आहे.

पायरी सहावी : संस्थांत नाव घाला

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. बरेच नवे लोक घर, नोकरी, शाळा एवढं झालं की थांबतात आणि वर्षभराने म्हणतात की इथे कोणी ओळखीचं नाही. या भागात ओळखी संस्थांतून होतात.

पहिलं नाव मध्यवर्ती वाचनालयाचं, मांडवीजवळ. सयाजीरावांनी 1906 मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शिकलेली माणसं पुस्तकांवाचून पुन्हा निरक्षर होतील, हे त्यांनी ओळखलं आणि 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतलं. गावोगाव वाचनालयं, फिरत्या ग्रंथपेट्या, ग्रंथपालांचं प्रशिक्षण अशी सगळी रचना त्यांनी उभी केली. आजच्या इमारतीत पुस्तकांची मांडणी लोखंडी आहे आणि मजल्यांची जमीन जाड काचेची, म्हणजे दिवसाचा उजेड खालपर्यंत झिरपतो आणि आगीची भीती राहत नाही. जुनी मराठी पुस्तकं इथे मोठ्या संख्येने आहेत, आणि ती हात लावून वाचता येतात. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन जा, सभासद व्हा, पहिलं पुस्तक त्याच दिवशी घरी आणा.

दुसरं, आखाडा. दांडिया बाजारातच श्री जुम्मादादा व्यायाममंदिर आहे. बोलताना सगळे ‘माणिकरावांचा आखाडा’ म्हणतात. राजरत्न प्राध्यापक माणिकरावांनी आपल्या संस्थेला स्वतःचं नाही, गुरूंचं नाव दिलं. गुरू मुसलमान, शिष्य मराठी ब्राह्मण, आणि संस्था सगळ्यांची. कुस्ती, मल्लखांब, लाठी शिकवणाऱ्या माणिकरावांनी सामुदायिक कवायतीच्या आज्ञा इंग्रजीऐवजी आपल्या भाषेत आणल्या. मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत तरी तिथे न्या.

तिसरं, संगीत. सुरसागरच्या समोर महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ‘परफॉर्मिंग आर्ट्‌स’ची शाखा आहे. 1886 मध्ये उस्ताद मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेतून ती वाढली. गाणं गुरूच्या घरातून वर्गात आणण्याचा, लिहून शिकवण्याचा हा देशातला फार आरंभीचा प्रयत्न. 1916 मध्ये पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यातच भरली, आणि आग्र्याचे फैयाज खाँ दरबारगायक म्हणून आयुष्यभर या शहरात राहिले. विद्यार्थ्यांच्या मैफली होत असतात. फलकावर लक्ष ठेवा, ओळख नसली तरी जाऊन बसा.

विद्यार्थी असाल तर राजमहाल रस्त्यावरचं कलाभवन तुम्हाला ठाऊक असेलच, आज तिथे विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. 1890 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत दादासाहेब फाळके शिकले होते.

वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी मराठी वाङ्मय परिषदेचे कार्यक्रम शोधावेत. 2018 चं 91 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात झालं. विद्यापीठात मराठी विभाग आहे. रियासतकार सरदेसायांनी आयुष्याची उमेदीची वर्षं या संस्थानच्या चाकरीत घालवली, कवी चंद्रशेखर आणि कवी यशवंत इथले राजकवी होते. महाराष्ट्राबाहेर मराठी साहित्याला असं घर फार थोड्या गावांत मिळालं.

आणि ज्यांना सकाळी थोडा वेळ स्वस्थ बसावंसं वाटतं त्यांच्यासाठी दांडिया बाजारातलं अरविंद निवास. श्री अरविंद 1893 ते 1906 या काळात बडोद्यात होते, आधी संस्थानच्या नोकरीत, मग बडोदा कॉलेजात शिकवत. 1908 च्या जानेवारीत ते पुन्हा आले तेव्हा विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याच्या सोबतीने सरदार मुजुमदारांच्या वाड्यात तीन दिवस ध्यानाला बसले होते. अरविंद निवासात ध्यानासाठी जाता येतं. तिथे कोणी काही मागत नाही, विचारतही नाही.

पायरी सातवी : रोजचं खाणं, रोजचा दवाखाना

भाजी खंडेराव मार्केटची. ही देखणी, घुमटांची इमारत 1906 ची, महाराजा खंडेरावांच्या नावाने. पुढच्या भागात महापालिकेचं कार्यालय आहे, मागे भाजी आणि फुलांचा बाजार. घरपट्टीचं काम आणि पालेभाजी एका खेपेत होते. गणपती-गौरीच्या दिवसांत फुलं घ्यायला पहाटे जा.

नाश्त्याला बडोद्याची सेवउसळ खा. वाटाण्याची उसळ, वर शेव, कांद्याची पात, तिखट तरी आणि पाव. मिसळीच्या अपेक्षेने पहिला घास घेऊ नका, ही वेगळी चव आहे. तरी वेगळ्या भांड्यात मिळते, आधी थोडीच घाला. गावी जाताना लीलो चेवडा आणि भाकरवडी न्यायची पद्धत आहे.

आजारपणात मोठं सरकारी रुग्णालय सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल. रिक्षावाल्याला ‘सयाजी’ म्हटलं की कळतं. कोठीच्या बाजूला, काळ्या घोड्याच्या पुलाच्या अलीकडे. रात्रीच्या वेळी दांडिया बाजारातून तिथे पोचायला अडचण पडत नाही. पण पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी आलं तर कुठल्या बाजूने जायचं, ते घरातल्या म्हाताऱ्यांसाठी आधी ठरवून ठेवा.

पायरी आठवी : सणांचं वेळापत्रक

गणपतीत दांडिया बाजार आणि रावपुऱ्याला महाराष्ट्राची कळा येते. अनंत चतुर्दशीला मिरवणुकांमुळे न्यायमंदिराभोवतीचे रस्ते दुपारनंतर गाडीला बंद असतात. त्या दिवशी स्टेशनला जायचं असेल तर सकाळीच निघा. विसर्जनासाठी महापालिका कृत्रिम तलाव करते, तुमच्या भागाचा कुठला ते आधी विचारून घ्या. कार्तिकी एकादशीला मांडवीच्या विठ्ठलमंदिरातून देवाची मिरवणूक निघते, इथे तिला वरघोडा म्हणतात. पंढरीला जाता आलं नाही ही खंत त्या दिवशी कमी होते. गर्दी फार असते, लहान मुलांचा हात सोडू नका.

नवरात्रात मोठ्या मैदानांवरचे गरबे जगात गाजलेले आहेत, पास काढून तिथे जाच. पण पोळेतला शेरी गरबा सोडू नका. घडियाळी पोळेतल्या अंबामातेच्या चौकात पुरुष गरबा करतात आणि बायका बघायला बसतात; ही रीत जुनी आहे. तुमच्या पोळेत गरबा असेल तर वर्गणी मागायला येण्याची वाट बघू नका, आपण होऊन द्या. नऊ रात्री आवाज असतो, तेव्हा त्या दिवसांत मुलांच्या परीक्षांचा अभ्यास पहाटे ठेवा. मराठी घरांतला भोंडलाही याच दिवसांत असतो. शेजारणींना कळवलंत तर गाणी येणाऱ्या दोघी-तिघी नक्की मिळतील.

उत्तरायण 14 जानेवारीला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव गच्चीवर असतं. उंधियो आणि जलेबी त्या दिवसांचं जेवण. तुमच्या घराला गच्ची असेल तर शेजारी येणारच, आणि जुन्या पोळांत गच्च्या एकमेकींना लागून असतात, म्हणून कठडे आधी पक्के करून घ्या आणि मुलांना एकटं वर सोडू नका. त्याच्या आधीचे पंधरा-वीस दिवस रस्त्यावर मांजा असतो. दुचाकीच्या हँडलवर बसवायची उभी तार डिसेंबरातच लावून घ्या, गळ्याला जाड रुमाल बांधा आणि अकोट्याच्या पुलावरून वेग कमी ठेवा. जखमी पक्षी सापडला तर खोक्यात, अंधारात ठेवून करुणा अभियानाच्या मदतक्रमांकावर कळवा. उत्तरायणाच्या दिवसांत सरकार तो दर वर्षी चालू ठेवतं.